आधी पर, मग पट्टा

पहाटे साडेपाच

ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात गुशैणीला या वेळी काळोख असतो. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या आसपासचं हे गाव, दोन्ही बाजूंना उभे डोंगर, मधून तीर्थन नदी. मी ज्यांच्याकडे उतरले आहे ते भाईजी डोक्याला बॅटरी बांधून, हातात दाताळं घेऊन खाली टाक्यांकडे निघतात. मी शाल गुंडाळून मागोमाग.

भाईजींची दोन कामं. एक, रेनबो ट्राउटची शेती. दोन, परवाना घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना नदीवर गरवायला नेणं. दोन्ही मासे ट्राउटच, पण टाकीतला वेगळा आणि नदीतला वेगळा. तो फरक नुसता वाचून कळण्यातला नाही. त्यासाठीच आज दिवसभर यांच्या मागे फिरायचं ठरवलं आहे.

पहिलं काम जाळीचं. नाल्यातून काढलेल्या कुहलीचं, म्हणजे पाटाचं, पाणी ज्या तोंडाने टाकीत शिरतं, तिथे लोखंडी जाळी आहे. या दिवसांत अक्रोडाची पानं झडतात आणि रात्रीतून जाळीवर त्यांचा थर बसतो. पाणी अडलं की प्राणवायू घटतो, आणि ट्राउटला तो भरपूर लागतो. लिटरमागे सात मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासा अस्वस्थ होऊ लागतो. भरलेल्या टाकीचं पाणी पुरतं थांबलं, तर सकाळपर्यंत वाट बघायला काही उरत नाही. म्हणून भाईजींच्या बॅटरीचा झोत आधी माशांवर पडतो आणि मग जाळीवर. मासे टाकीभर पसरलेले दिसले की निवांत. सगळे पाणी शिरतं तिथे गर्दी करून तोंडं वासत असले तर धावाधाव. आज पसरलेले आहेत. दाताळ्याने पानं ओढून काठावर टाकली जातात आणि पाण्याचा आवाज एकदम मोठा होतो.

तीन टाक्या. इथे त्यांना रेसवे म्हणतात. प्रत्येक सुमारे १७ मीटर लांब, दोन मीटर रुंद, दीड मीटर खोल. सरकारी योजनांमधून बांधलेल्या बहुतेक टाक्यांचं माप हेच असतं. एका टोकाने पाणी येतं, दुसऱ्या टोकाने जाळीतून बाहेर पडतं आणि शेवटी नदीलाच मिळतं. ही बाहेर पडण्याची जाळीही भाईजी रोज हाताने चाचपतात. वरून नुसतं बघून भागत नाही. पाण्याखाली एखादी तार तुटली असली तर ती बोटांनाच कळते.

सकाळी सात

चहा. भाईजींच्या अम्मा चुलीपाशी बसल्या आहेत. छपरावर मक्याची कणसं वाळत घातलेली आहेत, त्यावर अजून ऊन आलेलं नाही. या अरुंद खोऱ्यात सूर्य उगवतो आणि नदीवर पोचतो, यांत काही तासांचं अंतर असतं.

टाकीतला तापमापक नऊ अंश सांगतो. रेनबोला साधारण १० ते १८ अंशांचं पाणी मानवतं. पाच अंशांच्या खाली त्याची वाढ जवळजवळ थांबते. विशीच्या वर गेलं की तो खाणं सोडतो आणि पुढे जगणंच कठीण होतं. म्हणून हा मासा आपल्याकडे सह्याद्रीच्या पायथ्याशी कुणी पाळायला गेलं तर हाती काही लागायचं नाही. त्याची भारतातली ठिकाणं मोजकी: काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीम, अरुणाचल आणि दक्षिणेत निलगिरी व मुन्नारची उंच पठारं.

मुळात तो इथला नाहीच. उत्तर अमेरिकेचा पॅसिफिक किनारा आणि पलीकडे रशियाचं कामचाटका हा त्याचा मुलूख. वालबाउम या जर्मन अभ्यासकाने १७९२ साली कामचाटकातल्या माशावरून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे कॅलिफोर्नियातल्या मॅकक्लाउड नदीवर त्याची अंडी गोळा करून जगभर पाठवली जाऊ लागली. नदीतला ब्राउन ट्राउट युरोपचा. तो भारतात आधी आला. स्कॉटलंडहून आलेली त्याची अंडी १९०० साली काश्मीरमध्ये जगली. श्रीनगरजवळ गालिच्यांचा कारखाना चालवणारे फ्रँक मिचेल यांनी ती जोपासली. काश्मीरहून तो कुल्लूत आला. १९०९ साली कटराईनजवळ महिली इथे उबवणी केंद्र सुरू झालं आणि हॉवेल या इंग्रज अधिकाऱ्याने बियासच्या उपनद्यांत पिल्लं सोडली. तीर्थन त्याच बियासची उपनदी. रेनबोची शेती मात्र इथे खरी रुजली ती १९८०च्या दशकाच्या अखेरीस, पतलीकुहलला नॉर्वेच्या मदतीने सुरू झालेल्या प्रकल्पापासून.

टाकीत रेनबोच का, याचं उत्तर भाईजी चहाचा कप खाली ठेवता ठेवता देतात. ‘दीदी, ब्राउन शर्मीला है.’ तो दाटीत राहत नाही, दाण्याला पटकन तोंड लावत नाही, वाढतो सावकाश. रेनबो गर्दी सोसतो, गोळीखाद्य आवडीने खातो आणि वर्ष-दीड वर्षात पाव किलोच्या पुढे जातो. नदीत मात्र उलटं झालं आहे. हिमालयातल्या नद्यांत ब्राउन पिढ्यान्‌पिढ्या आपणहून वाढत आला, रेनबोने इथे तसं बस्तान बसवलं नाही. मुन्नार-निलगिरीत रेनबोच रुजला.

साडेआठ

खाद्य. गार पाण्यात भूक कमी, म्हणून गोळ्या सकाळी थोड्या उशिरानेच पडतात आणि वजनाच्या हिशेबाने पडतात. भाईजी मूठभर फेकतात आणि थांबतात. पहिल्या मुठीला पाणी उसळतं, तिसरीला उसळी मंदावते. गोळी तळाला जायला लागली की हात आवरायचा. न खाल्लेलं खाद्य कुजून पाणी बिघडवतं आणि पैसाही बुडतो. शेतीतला सर्वांत मोठा खर्च खाद्याचाच.

मग जाळं टाकून एक मासा काढतात. हात आधी ओले करायचे. कोरड्या हाताने धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथून पांढरी, कापसासारखी बुरशी शिरते. उथळ ट्रेमध्ये पाणी घेऊन त्यात मासा आडवा ठेवतात. आता शिकवणी.

मी रत्नागिरीची. मिरकरवाड्याच्या बंदरावर लहानपणापासून मासे बघत आले. बांगडा ताजा आहे की नाही हे मला कल्ला उचलून, डोळा बघून कळतं. इथे मला वाटलं होतं की रेनबो ओळखायचा तो अंगावरच्या गुलाबी पट्ट्यावरून. भाईजी पट्ट्यावर बोट ठेवतच नाहीत. ते थेट शेपटीकडे जातात.

शेपटी हलकेच पसरतात. तिच्यावर बारीक काळे ठिपके आहेत, मुळापासून कडेपर्यंत ओळींनी पसरत गेलेले. हा रेनबो. ब्राउनच्या शेपटीवर ठिपके जवळजवळ नसतात, असले तर वरच्या कडेला एखाद-दुसरा. मग पाठ. रेनबोची पाठ हिरवट, कधी निळसर, आणि तिच्यावर तसेच बारीक काळे ठिपके, सगळे काळेच. ब्राउनच्या अंगावर काळ्याबरोबर लाल ठिपके असतात आणि पुष्कळदा त्यांच्याभोवती फिकट कडं असतं. रेनबोवर लाल ठिपका सापडणार नाही. मग पाठीवरचा मागचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर. त्यात हाडाची काडी नसते. ट्राउटच्या सगळ्या कुळात तो असतो. रेनबोचा हा पर काळ्या किनारीचा, ब्राउनचा बहुधा तांबूस कडेचा. मग तोंड. मोठ्या ब्राउनच्या वरच्या जबड्याचं हाड डोळ्याच्या मागे जातं, रेनबोचं सहसा तेवढं लांब नसतं.

आणि पट्टा? गालापासून शेपटीपर्यंत जाणारा तो गुलाबी पट्टा खरा, पण भरवशाचा नाही. लहान माशात तो दिसतच नाही. लहानपणी अंगावर बोटांच्या ठशांसारखे उभे गडद डाग असतात, आणि तसे डाग ब्राउनच्या पिल्लालाही असतात. समुद्रात जाऊन येणारा रेनबो चांदीसारखा होतो, पट्टा पुसला जातो. विणीच्या काळात तोच पट्टा लालभडक होतो, नराचा खालचा जबडा आकड्यासारखा वळतो. पाण्याचा रंग, तळाचा रंग, उजेड, माशाची भीती, सगळ्याने पट्टा बदलतो. शेपटीवरचे ठिपके बदलत नाहीत.

शास्त्रज्ञांनीही या माशाची एकदा फेरमांडणी केली. ब्राउनच्या साल्मो गटातून रेनबोला १९८९ साली काढलं आणि पॅसिफिक सामनच्या ऑन्कोऱ्हिंकस गटात नेलं. म्हणजे हे दोघे ट्राउट म्हणून आपण शेजारी बसवतो, पण रेनबोचं जवळचं नातं पॅसिफिकच्या सामनशी आणि ब्राउनचं अटलांटिकच्या सामनशी.

ट्रेमधला मासा परत टाकीत सोडण्याआधी भाईजी एक गोष्ट आणखी दाखवतात, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. पाठीवरचा मोठा पर वरून झिजलेला, कडा बोथट. छातीचे पर आखूड, एक काडी वाकडी. शेपटीची टोकं गोलसर. सिमेंटच्या भिंतीला आणि एकमेकांना घासून असं होतं. नदीत वाढलेल्या माशाचे पर पूर्ण, धारदार, काड्या सरळ. रंग माशाची जात सांगायला मदत करतो. पर सांगतात तो कुठे वाढला.

दहा

परवाना सोबत हवाच. मत्स्य विभागाचा तो कागद भाईजी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या खिशात ठेवतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटच्या विणीचा हंगाम, त्या काळात गरवणं बंद. आज हंगामाचे शेवटचे दिवस चालू आहेत.

सामान मोजकं. नऊ फुटी फ्लाय रॉड, रीळ, कमरेएवढे रबरी बूट, चिमटा, बारीक विणीचं रबरी जाळं. डबीत पिसं आणि दोरा गुंडाळून बनवलेली आमिषं. डोक्याशी पितळी मणी असलेली, पाण्याखालच्या किड्यांसारखी दिसणारी. प्रत्येक गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट केलेला. असा गळ माशाच्या ओठातून एका हिसक्यात निघतो, जखम मोठी होत नाही.

अकरा

उन्हाची कड आता पाण्यावर आली आहे. उन्हाळ्यात याच नदीवर उलटा हिशेब असतो. मे-जूनमध्ये दुपारनंतर वरचा बर्फ वितळून पाणी चढतं, गढूळ होतं, म्हणून सकाळ गाठावी लागते. पावसाळ्यात तर गरवणं जवळपास सोडूनच द्यायचं. ऑक्टोबरात पाणी काचेसारखं, कमी आणि गार. मासा उन्हाची वाट बघतो, म्हणून आपणही बघायची.

गळ टाकण्याआधी भाईजी पाण्यातला एक धोंडा उलटा करतात. खालच्या बाजूला वाळूचे कण चिकटवून बनवलेल्या बारीक नळ्या, आत कॅडिसच्या अळ्या. शेजारी चपट्या अंगाची, तीन शेपट्यांची मेफ्लायची पिल्लं. धोंडा होता तसा परत ठेवला जातो. ‘आज यह खा रहा है,’ म्हणून डबीतून त्या रंगाचं, त्या जाडीचं आमिष निवडतात. बाजारात मासळी घेताना मी कधी विचार केला नव्हता की मासा काय खात होता. इथे गरवण्याची सुरुवातच तिथून होते.

मग पाणी वाचणं. ट्राउट तोंड प्रवाहाकडे करून उभा राहतो, म्हणून आपण खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून जायचं. त्याला जोराच्या धारेत उभं राहायला ताकद लागते, पण खाणं धारेतूनच वाहत येतं. तेव्हा तो धार आणि संथ पाणी जिथे मिळतात त्या शिवणीवर थांबतो. मोठ्या धोंड्याच्या पुढे पाण्याची उशी असते आणि मागे भोवरा. दोन्हीकडे मासा असतो. फेसाची रेघ जिकडे जाते तिकडेच अन्न जातं. हे सगळं भाईजी बोलत नाहीत, काठीने दाखवत जातात.

एके ठिकाणी ते मला हाताने थांबवतात. उथळ खडीत ताटाएवढी जागा आजूबाजूपेक्षा फिकट दिसते, खडी धुतल्यासारखी. ब्राउनच्या मादीने शेपटीने उकरलेलं घरटं. अंडी खडीच्या आत. त्यावर एक पाऊल पडलं तर शेकडो अंडी चिरडतात. आम्ही वळसा घालून वरच्या दगडांवरून जातो. हंगाम बंद व्हायला थोडे दिवस आहेत, मासे मात्र तारीख बघून थांबत नाहीत, आणि ज्याला नदी कळते तो शेवटच्या पंधरवड्यात खडीवर चालत नाही.

दोरी हवेत मागे जाते, सरळ होते, पुढे येते. आमिष वरच्या अंगाला पडतं आणि पाण्याच्याच वेगाने वाहत खाली येतं. इथेच कसब. दोरीला प्रवाहाचा ओढा लागला, आमिष जरा जरी आडवं सरकलं, तर मासा तोंड लावत नाही. खरा किडा पाण्याला विरोध करून चालत नाही. भाईजी मनगटाने दोरीची कमान उचलून वरच्या बाजूला ठेवतात, पुन्हा ठेवतात. कितीतरी वेळ काही होत नाही. पाणखडकावर पांढऱ्या टोपीचा, तांबड्या शेपटीचा पक्षी शेपूट हलवत बसतो. पलीकडच्या काठावर आपल्या शीळ कस्तुराचा निळा हिमालयी भाऊबंद ओरडून जातो.

दोरी थबकते. मनगट वर. मासा लागला.

तो खाली जातो, धोंड्यांच्या सांदीकडे. भाईजी मान हलवतात, ‘ब्राउन.’ अजून मासा दिसलेलाही नाही. रेनबो गळाला लागला की पुष्कळदा पाण्याबाहेर उड्या मारतो, ब्राउन तळाशी आसरा शोधतो. नियम पक्का नाही, पण बहुतेक वेळा खरा ठरतो. जाळ्यात येतो तेव्हा तो खरंच ब्राउन असतो: लोण्याच्या रंगाचं पोट, कुशीवर फिकट कड्यांचे लाल ठिपके, शेपटी कोरी, सगळे पर पूर्ण आणि ताठ. विणीच्या दिवसांत त्याचे रंग सर्वांत गडद असतात. जाळं पाण्यातच ठेवून गळ काढला जातो. मग मासा प्रवाहाकडे तोंड करून दोन्ही हातांत सैल धरायचा. कल्ले नीट उघडमीट करायला लागले की तो स्वतःच निघून जातो. त्याला ढकलायचं नसतं.

नदीचा ब्राउन भाईजी सोडून देतात. परवाना ठरावीक मासे नेऊ देतो, त्यांचा निर्णय त्याच्या पलीकडचा आहे. पाहुण्यांच्या ताटासाठी टाकीतला रेनबो आहे. नदीतला मासा दुसऱ्या पाहुण्यासाठी परत मोठा व्हायला हवा.

दीड

घरापासून बरंच वरच्या अंगाला, खोल डोहाच्या शेपटाशी, पुन्हा दोरी थबकते. या वेळी मासा लगेच वर उसळतो. पूर्ण बाहेर, उन्हात, दोनदा. भाईजींचा चेहरा बदलतो. आनंद नाही, लक्ष.

जाळ्यात फूटभर मासा. पट्टा अगदी फिका, कुणी घाईत म्हणेल चंदेरी ब्राउन. भाईजी शेपटी पसरतात: ओळींनी काळे ठिपके. लाल एकही नाही. रेनबो. मग बोट पाठीच्या परावरून फिरवतात. कडा बोथट. छातीचा डावा पर आखूड, काडी वाकडी. शेपटीची खालची टोकं गोल.

हा टाकीतला आहे. आणि झिजलेल्या परांच्या कडांना नवी, पातळ, पारदर्शक वाढ अजून दिसत नाही. नदीत आल्यावर पर हळूहळू भरून येऊ लागतात. म्हणजे फार दिवस झालेले नाहीत.

२०२३ च्या जुलैमधल्या पुरात कुल्लू जिल्ह्यातल्या अनेक ट्राउटशेतींचं नुकसान झालं, मासे नद्यांत गेले. तेव्हा नदीत रेनबो दिसणं स्वाभाविक होतं. यंदा तसा पूर नाही. मग हा आला कुठून? भाईजींची टाकी खालच्या अंगाला आहे. तेव्हा वरच्याच कुणाची तरी.

हा मासा सोडला जात नाही. डोक्यावर एक नेमका फटका, आणि तो टोपलीत.

अडीच

घरामागच्या नळाखाली मासा चिरला जातो. पोटातली पिशवी भाईजी वेगळ्या वाटीत उघडतात. आत कॅडिसच्या दोन-तीन नळ्या, देवदाराच्या सुया, काटकीचे तुकडे आणि एक गोल खडा. टाकीत वाढलेल्या माशाला वरून पडणारं सगळंच खाणं वाटतं, गोळीएवढा खडाही तो गिळतो. रानात राहायला तो अजून शिकतोय. ब्राउनच्या पोटात असा खडा क्वचितच मिळेल.

भाईजी हात पुसून फोन लावतात. वरच्या अंगाला ओळखीच्या दोघातिघांच्या टाक्या आहेत. पहाडी बोलीतलं सगळं मला कळत नाही, पण ‘जाळी’ आणि ‘बाहर’ कळतं. कुणावर आरोप नाही, चौकशी आहे.

मला त्यांची ही घाई मनापासून पटते. कुणी म्हणेल, नदीत चार मासे वाढले तर बिघडलं काय? बिघडतं. एक तर कुणाचं तरी वर्षभराचं खाद्य एका तुटलेल्या तारेतून वाहून जातं. दुसरं, टाकीतला रोग नदीत जातो. तिसरं कारण ब्राउन-रेनबोच्याही आधीपासून या पाण्यात राहणाऱ्या माशाचं. त्याला इथे गुगली म्हणतात. तो मूळचा हिमालयाचा. इंग्रजीत त्यालाही ट्राउट म्हटलं जातं, पण तो रोहूच्या कुळातला. त्याला शेपटीजवळचा मांसल पर नाही, खवले अगदी बारीक, आणि तोंड खालच्या बाजूला, दगडावरचं शेवाळ खरवडून खायला योग्य. ब्राउन आल्यावर वरच्या गार पाण्यात त्याची जागा आक्रसली. शंभर वर्षांपूर्वी झालेलं आता परत फिरवता येत नाही. त्यात आणखी भर घालायची नाही, एवढं मात्र प्रत्येक टाकीवाल्याच्या हातात आहे.

जेवण उशिरा. टाकीतलाच मासा: मीठ, हळद, मिरची, सरसोंचं तेल, वर लिंबू. काटे कमी, मांस सुटं. सोबत राजमा आणि भात.

चार

पुण्याहून आलेलं कुटुंब टाक्या बघायला उतरतं. आजोबा, सून आणि आठ-नऊ वर्षांची नात. मराठी ऐकून आजोबांचा चेहरा खुलतो.

‘ताई, तुम्ही इथे कशा?’

‘हे भाईजी काय करतात ते बघायला आलेय, काका.’

नात टाकीवर ओणवी झाली आहे. ‘मावशी, यांच्यावर गुलाबी पट्टा कुठंय? पुस्तकात होता.’

‘हे अजून लहान आहेत. पट्टा नको बघूस, शेपटी बघ. ठिपके दिसतात?’

ती बराच वेळ बघते. ‘हो! रांगेत आहेत.’

‘झालं. हा रेनबो.’

सून विचारते, ‘पण आत मांस गुलाबी असलं तरच खरा ना? मनालीला आम्हाला पांढरा दिला होता.’

हा गैरसमज पुष्कळांचा. मांसाचा रंग जातीवरून ठरत नाही, खाण्यावरून ठरतो. नदीत-तळ्यात छोटे कवचवाले जीव खाल्ले किंवा खाद्यात तसं रंगद्रव्य घातलं की मांस गुलाबी होतं, नाहीतर पांढरं राहतं. पांढऱ्या मांसाचा रेनबोही अस्सल रेनबो. त्यांना फसवलेलं नव्हतं. सांगितल्यावर तिला बरं वाटतं, मलाही.

आजोबा दोन किलो मासे मागतात. ज्या टाकीतले मासे आज विकायचे तिला भाईजींनी कालपासून खाद्य घातलेलं नाही, म्हणजे पोट रिकामं राहतं आणि मासा जास्त टिकतो. जाळ्याने काढणं, फटका, साफ करणं, बर्फ, वजन, हे सगळं एका लयीत होतं. नातीला समोर उभं ठेवायचं की नाही हे आजोबांनी ठरवायचं, असं भाईजी नम्रपणे विचारतात. आजोबा तिला घेऊन अक्रोडाच्या झाडाकडे जातात.

सहा

सूर्य डोंगराआड जाऊन बराच वेळ झाला आहे. बाजूच्या खोऱ्यांत नद्या बोगद्यांत गेल्या, खाली लारजीला धरण झालं. तीर्थन मात्र मोकळी वाहते. इथल्या छोट्या वीजप्रकल्पांविरुद्ध बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब आणि गावकरी लढले, न्यायालयात गेले, म्हणून. वरचा मुलूख ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कचा, २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत. या नदीवर जगणाऱ्या घरांची संख्या बघितली की त्या लढ्याचं मोल इथल्या प्रत्येक जेवणात कळतं.

फोन वाजतो. वरच्या गावातून. भाईजी ऐकतात, हसतात, मला सांगतात. बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या जाळीला, अगदी तळाशी, सिमेंटपासून सुटलेली कड होती. बोट आत जाईल एवढी वाटत होती, पण माशानेच वाकवून ती मोठी केली होती. त्या माणसाने मासे मोजायला घेतले आहेत. तूर्त त्याने पोत्यात वाळू भरून भोक बुजवलं आहे.

साडेसात

वही. भाईजींची वही जाड, बांधलेली, पाण्याने फुगलेली. रकाने त्यांनी स्वतः आखले आहेत: सकाळचं तापमान, संध्याकाळचं तापमान, खाद्य, मेलेले, विकलेले. आज मेलेला एकही नाही. शेवटचा रकाना ‘नदी’. त्यात जागा, जात, अंदाजे लांबी आणि परांची अवस्था. ब्राउनपुढे ‘पूरे’. रेनबोपुढे ‘घिसे हुए, नया नहीं उगा’. मागची पानं चाळताना २०२३ चा ऑगस्ट दिसतो, रेनबोच रेनबो. मग ते विरळ होत जातात, परांपुढचे शेरे बदलत जातात, ‘आधे भरे’, ‘भर गए’, आणि पुढच्या वर्षी जवळजवळ थांबतात. कुठल्याही सरकारी कागदावर न सापडणारी तीर्थनची ही नोंद एका माणसाने परांवरून बोट फिरवून केली आहे. ती कुणीतरी उतरवून घ्यायला हवी. मी पानांचे फोटो काढायची परवानगी मागते, ती मिळते.

नऊ

झोपण्याआधी पुन्हा एकदा जाळी. वारा सुटलाय, पानं जास्त पडणार, म्हणून भाईजी मध्यरात्रीचा गजर लावतात. कोठीतून त्यांनी उरलेली तारेची जाळी, कात्री आणि सिमेंटची अर्धी गोणी काढून ओसरीवर ठेवली आहे. उद्या साडेआठचं खाद्य त्यांचा मुलगा घालेल, कारण भाईजी सकाळीच वरच्या गावाला जाणार आहेत, ती सुटलेली कड पक्की करायला. टाकीचं पाणी उतरवावं लागेल, तेवढा वेळ मासे दुसरीकडे हलवावे लागतील, म्हणजे चार हात हवेत. मला विचारतात, ‘दीदी, जाल पकड़ोगी?’ मी हो म्हणते.